चार फूट कुणाचे?

आमच्या जोयडा तालुक्यात जुन्या कौलारू घराचं काम निघालं, की वाद ठरलेला : बेडरूम मोठी करायची की न्हाणीघर? माझ्या पाहण्यातल्या घरांत जिंकते ती बेडरूमच. का, तर नाताळाला गोव्याहून मुलगा-सून येतात. म्हणजे चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी ऐसपैस खोली. आणि बारा महिने घरात राहणाऱ्या आजीने भर पावसात, बॅटरी घेऊन परसातल्या न्हाणीकडे जायचं!

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे न्हाणी-संडास एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर जागा हवी, म्हणजे साधारण ३० चौरस फूट. १२ बाय १२ च्या खोलीतून ४ फुटांची पट्टी काढली तरी १२ बाय ८ ची खोली उरते. पलंग आणि कपाट त्यात आरामात मावतात. पट्टीत ८ फुटांचं न्हाणीघर, उरलेल्या जागेत अंथरुणांचं फडताळ. आजीसाठी भिंतीला दांडा लावता येतो, तिला धरून नेणारीलाही उभं राहता येतं.

झोपायला ओटीही चालते, चटई कुठेही पसरता येते. अंघोळीला आडोसाच लागतो. तेव्हा मैत्रिणींनो, घरी काम निघालं तर मिस्त्रीशी आपणच बोलू या. भिंत चढायच्या आधी.