बास नाही, मरळ!

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू या. हिंगोली जिल्ह्यात बास मिळत नाही. येलदरीच्या बॅकवॉटरला नाही, सिद्धेश्वरला नाही, इसापूरला तर नाहीच नाही. तरीही शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंत अमेरिकन लोकांचे बास फिशिंगचे व्हिडिओ बघायचे आणि सोमवारी ऑफिसात बसून त्यातल्याच ल्यूरची ऑर्डर टाकायची, हा प्रकार माझ्या ओळखीतल्या किमान चौघांनी केलाय. त्यातल्या एकाने साडेचार हजारांचा एकच स्विमबेट मागवला. नऊ इंच लांब, तीन सांध्यांचा, डोळे अगदी जिवंत. तो अजून फेकलेला नाही, कारण एवढं वजन फेकायला लागणारा रॉडच त्याच्याकडे नाही. डेस्कवर मात्र सही दिसतो.

हे मोठे स्विमबेट कॅलिफोर्नियात वाढले. तिथल्या जलाशयांत ट्राउट मासे आणून सोडतात, बास ते गिळून गलेलठ्ठ होतो, म्हणून तिथे ट्राउटएवढा नकली मासा चालतो. आपल्याकडे ना ट्राउट, ना तो बास. 'सी बास' म्हणावा असा मासा आपल्याकडे आहे, तो म्हणजे रायगडचा जिताडा. पण त्याचं आणि अमेरिकन लार्जमाउथचं घराणंच वेगळं. आणि औंढा नागनाथहून समुद्र म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा!

मग हिंगोलीचा बास कोण? मरळ, बॉस! बासचे सगळे गुण तिच्यात आहेत, उलट माज थोडा जास्तच. उथळ पाण्यात, शेवाळाच्या नाहीतर बेशरमाच्या झुडपाच्या आडोशाला दबा धरून बसते. बेडूक, छोटे मासे, जे समोरून जाईल त्यावर झडप. शिवाय तिला हवेत श्वास घ्यायला वर यावंच लागतं. म्हणजे पाच-दहा मिनिटं शांत उभं राहिलात, तर ती कुठे आहे हे ती स्वतःच सांगते. पाण्यावर एक छोटं वर्तुळ उठतं. त्याच्या थोडं पलीकडे टाकायचं आणि हळू ओढत आणायचं.

आता बजेट. रॉड आणि रीळ आहे असं धरू. दोरी आणि आमिषासाठी खिशात ३,००० रुपये. नवशिका माणूस यातले अडीच हजार ल्यूरवर उडवतो आणि उरलेल्यात मिळेल ती दोरी घेतो. मी बरोबर उलटं सांगतो. निम्म्याहून जास्त पैसे दोरीला द्या. ल्यूर फेल गेला तर मासा लागत नाही, एवढंच. दोरी फेल गेली तर मासा जबड्यात गळ घेऊन पाण्यात परत जातो आणि मागे लोंबणारी दोरी शेवाळात अडकून तिथेच राहते. त्यात पुढे बगळा, पाणकावळा कुणीही गुंतू शकतं.

दोऱ्या तीन प्रकारच्या. एक आपला जुना तंगूस, म्हणजे नायलॉन. स्वस्त, गाठीला प्रेमळ, पण ताणला जातो, पाणी पिऊन थोडा कमजोर होतो आणि मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात तर त्याची वाटच लागते. दुसरी फ्लोरोकार्बन. हिचा फंडा असा की ती पाण्यात कमी दिसते. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, हिचा १.४२, नायलॉनचा साधारण १.५३. वाचायला भारी वाटतं. पण गढूळ पाण्यात, शेवाळाच्या गुंत्यात मरळ तुमची दोरी बघत बसलेली नसते. हिचे पैसे वाचवा.

तिसरी ब्रेडेड, म्हणजे पॉलिथिलीनच्या बारीक धाग्यांची विणलेली दोरी. ही जवळपास ताणली जात नाही. मरळीचं तोंड हाडासारखं टणक. तीस-चाळीस फुटांवर तिने आमिष धरलं आणि तुम्ही हिसका दिला, तर तंगुसात अर्धा हिसका ताणातच जिरतो. ब्रेडेडमध्ये तो सरळ गळापर्यंत पोहोचतो. शिवाय ती शेवाळ कापत येते. आठ पदरी मऊ असते आणि लांब जाते, पण महाग. मरळीसाठी चार पदरी झकास. ३० ते ४० पाउंडांची घ्या. १५० मीटरचं चार पदरी बंडल साधारण हजार-बाराशेत मिळतं.

आणि आता खरी बचत. तुम्ही फेकून फेकून किती लांब फेकणार? तीस मीटर? चाळीस? मग रिळावर दीडशे मीटर ब्रेडेड कशाला? खाली स्वस्त तंगूस भरा, वर ७५ मीटर ब्रेडेड. एका बंडलात दोन मित्रांचं काम होतं, खर्च निम्मा. तंगुसाचा थर खाली हवाच, नाहीतर ब्रेडेड गुळगुळीत रिळावर घसरून गोल फिरते आणि माणूस म्हणतो रीळ खराब निघालं. पुढे हात-दीड हात जाड तंगूस जोडा. मरळीला दात आहेत, आणि चांगले आहेत.

बंडलावरच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. स्वस्तातल्या दोरीवर काहीही छापलेलं असतं. विमानप्रवासासाठी बॅग मोजायला आपण तो छोटा डिजिटल काटा घेतो ना, तो काढा. दोरी ओली करा, जी गाठ मारणार तीच मारा, काट्याला अडकवा आणि हाताला टॉवेल गुंडाळून हळूहळू ओढा. (टॉवेल विसरू नका, ही दोरी बोट कापते.) ४० पाउंड म्हणजे १८ किलो. गाठीसकट १२-१३ किलोला टिकली तरी पास. सात-आठलाच 'टण्' झाली तर परत करा. रिळाचा ब्रेक जेवढ्याला तुटली त्याच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवा.

आता स्विमबेट. मऊ प्लास्टिकचा, तीन ते चार इंची, शेपटीला चपटा तळवा असलेला. पाच-सहाचं पाकीट दोन-तीनशेत येतं. टेस्ट सोपी. बादलीत पाणी घ्या, गोगलगायीच्या वेगाने ओढा. शेपूट हलली पाहिजे. जोरात ओढल्यावरच हलत असेल तर प्लास्टिक कडक आहे, बाद. रंग दोनच घ्या, एक काळपट आणि एक पांढरा-चंदेरी. गढूळ पाण्यात मरळीला खालून फक्त सावलीच दिसते. त्या सावलीला इंद्रधनुष्याचे सात रंग कशाला?

गळ एकेरी, रुंद वाकाचा, दांडीवर थोडं शिसं असलेला. त्याचं टोक प्लास्टिकच्या पाठीत किंचित दडवायचं, म्हणजे शेवाळात अडकत नाही. तिहेरी गळ इथे नकोच, दर फेकीला किलोभर शेवाळ बाहेर काढाल. फाटलेला स्विमबेट टाकू नका, सुई तापवून कडा चिकटवल्या की आणखी दोन मरळींना पुरतो. आणि मऊ ल्यूर त्याच्या पाकिटातच ठेवा. कडक ल्यूरसोबत एका डब्यात ठेवलेत की दोघं मिळून एक चिकट लगदा होतो. उरलेल्या पैशात एक रबरी बेडूक घ्या, दाट शेवाळावरून तोच चालतो.

महागाचा ल्यूर म्हणजे मोठा मासा, असं वाटत असेल तर ऐका. १९३२ साली जॉर्जियातल्या जॉर्ज पेरीने २२ पाउंड ४ औंसांचा लार्जमाउथ पकडला. मंदीचे दिवस. त्याच्याकडे आणि मित्राकडे मिळून एकच ल्यूर होता असं सांगतात, आणि घरच्यांनी तो मासा खाऊनही टाकला. त्याची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं. जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने केली, तीही जिवंत आमिषावर. म्हणजे दोन्ही रेकॉर्डांत कुणाचाच साडेचार हजारांचा स्विमबेट नव्हता. (गंमत म्हणजे जपानमध्ये हा बास कायद्याने परका, उपद्रवी मासा ठरवला गेलाय. तेव्हा 'आपल्याकडे आणून सोडू या का?' हा प्रश्न कृपया विचारू नका.)

जाण्याआधी एक काम. या जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाते. तुमचा वीकेण्ड ही त्यांची रोजीरोटी असते. गावात विचारा, परवानगी घ्या, लागेल ती फी द्या. इसापूरच्या जलाशयाचा भाग पक्षी अभयारण्यात आहे, तिथे तर वन विभागाला विचारल्याशिवाय रॉड बॅगेतून काढूच नका. आणि पाण्यात ल्यूर कुणाच्या जाळ्यात अडकला, तर तुमची दोरी कापा, जाळं नाही. सिद्धेश्वरच्या काठावर एका म्हाताऱ्या भोई काकांनी माझा चंदेरी स्विमबेट हातात घेऊन दोन मिनिटं निरखला आणि विचारलं, "केवढ्याला पडला, दादा?" म्हटलं, चाळीस. "मंग ठीक हाय," म्हणाले.

एक ट्रिक मी मुद्दाम सांगत नव्हतो, पण कुणीतरी सांगेलच. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा गोळा तरंगताना दिसतो. खाली मरळीची जोडी राखण करत असते. त्या गोळ्यावर काहीही टाका, वीस रुपयांचा ल्यूरसुद्धा, मरळ धावून येते. भुकेने नाही, पोरांसाठी. ती काढली की तासाभरात बाकीचे मासे तो गोळा साफ करतात. म्हणून पाऊस लागल्यापासून सप्टेंबरपर्यंत माझा रॉड कपाटात असतो. त्या दिवसांत रिळावरची ब्रेडेड काढायची, धुवायची आणि उलटी गुंडाळायची. वर्षभर आत दबलेलं कोरं टोक बाहेर येतं आणि त्याच दोरीवर आणखी एक सीझन निघतो.