नकाशातली नदी

पुण्यात तीस वर्षं मी भूगोल शिकवला. भीमेच्या उपनद्या मुलांकडून घोकून घेतल्या, परीक्षेत रिकाम्या जागा भरायला दिल्या. पण शाळेपासून दहा मिनिटांवरच्या मुठेकाठी एकही वर्ग कधी नेला नाही. सहल म्हणजे सिंहगड नाहीतर शनिवारवाडा!

परवा नातीबरोबर विठ्ठलवाडीच्या नदीफेरीला गेले. वाट दाखवणारा मुलगा जेमतेम पंचविशीचा. त्याने काठावरचा वाळुंज ओळखायला शिकवला, आणि वस्तीतल्या एका आजोबांना बोलतं केलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, ते त्यांनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं. हे मी वर्गात एका वाक्यात उरकत असे.

नातीने विचारलं, "आजी, हे घाण पाणी पुढे कुठे जातं गं?" उत्तर मला तोंडपाठ. मुळा-मुठा, मग भीमा, उजनी धरण, आणि पुढे पंढरपूरची चंद्रभागा. तिथे वारकरी श्रद्धेने स्नान करतात. सांगताना प्रथमच जीभ अडखळली.

माझं म्हणणं एवढंच की, वर्षातून एक तरी तास नदीकाठी व्हावा. धोका असतो, पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडतात, हे खरं. म्हणूनच तर हिवाळ्यात जावं आणि बरोबर जाणता माणूस असावा. वास येतो? येऊ दे. तोही धड्याचाच भाग आहे.

मला हे निवृत्तीनंतर सुचलं. जे अजून वर्गावर जातात, त्यांनी तरी उशीर करू नये.