कॅमेरे परत गेल्यावर

भूकंप झाला की पहिले आठ दिवस सगळं जग मदतीला धावतं. विमानं उतरतात, तंबू उभे राहतात, टीव्हीवाले मायक्रोफोन घेऊन ढिगाऱ्यावर चढतात. नवव्या दिवशी कुठेतरी निवडणूक लागते, क्रिकेटची मालिका सुरू होते आणि कॅमेरे निघून जातात. जे मेले ते गेले. पण जे मेले नाहीत आणि पूर्वीसारखे जगूही शकत नाहीत, त्यांचं काय?

नेपाळचा भूकंप आठवतो ना? २५ एप्रिल २०१५. दिवस शनिवार, वेळ दुपारी बाराला चार मिनिटं कमी. केंद्र गोरखा जिल्ह्यात, बारपाक गावाजवळ, तीव्रता ७.८. सुमारे नऊ हजार माणसं गेली, बावीस हजारांहून जास्त जखमी झाली आणि पाच लाखांच्या आसपास घरं पार कोसळली. सतरा दिवसांनी, १२ मे रोजी, पुन्हा ७.३ तीव्रतेचा धक्का बसला. शनिवार हा नेपाळातला सुट्टीचा दिवस. शाळा बंद होत्या म्हणून हजारो पोरं वाचली. पण तिथले ख्रिस्ती लोक रविवारी नव्हे, शनिवारीच प्रार्थनेला जमतात. त्यामुळे काही ठिकाणी प्रार्थनाघरांची छपरं भरल्या सभेवर आली. नेपाळात ख्रिस्ती माणसं किती? २०२१च्या जनगणनेत शंभरात दोनसुद्धा नाहीत. मिशनांच्या मदतीबद्दल बोलताना एवढं ध्यानात ठेवायला हवं, की ख्रिस्ती माणसंही त्याच ढिगाऱ्याखाली होती.

दगड-मातीचं घर अंगावर कोसळतं तेव्हा हात-पाय मोडतात, तसे मणकेही मोडतात. डोंगरातल्या गावात ना रस्ता, ना रुग्णवाहिका. जखमी माणसाला कुणीतरी पाठीवर घेतं, डोक्यात म्हणजे वेताच्या मोठ्या टोपलीत बसवतं आणि उतरणीला लागतं. हेतू चांगलाच असतो. पण मोडलेला मणका अशा प्रवासात आणखी सरकू शकतो आणि मज्जारज्जू कायमचा जायबंदी होऊ शकतो. कमरेखालचं शरीर आहे, पण त्याची जाणीव नाही! शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत आटोपते. खरं संकट पुढे असतं. एकाच कुशीवर पडून राहिलं तर कातडी सडते, लघवीच्या मार्गात जंतू शिरतात. असे कितीतरी रुग्ण इस्पितळात वाचतात आणि घरी जाऊन वर्षा-दोन वर्षांत अशा टाळता येण्याजोग्या कारणांनी मरतात. त्यांची गणती भूकंपबळींत होत नाही.

इथेच एका लहानशा मिशनची गोष्ट सुरू होते.

पोखऱ्याला ग्रीन पास्चर्स नावाचं इस्पितळ आहे. इंटरनॅशनल नेपाल फेलोशिप या ख्रिस्ती मिशननं ते १९५७ साली उभारलं, ते कुष्ठरोग्यांसाठी. या मिशनचा आरंभही सांगण्यासारखा आहे. लिली ओहॅनलन नावाची डॉक्टर आणि तिची सहकारी हिल्डा स्टील या दोघी उत्तर प्रदेशातल्या नौतनवा या सीमेवरच्या गावी दवाखाना चालवत वर्षानुवर्षं थांबल्या होत्या. राणांच्या राजवटीत नेपाळचं दार परक्यांना बंद होतं. १९५१ साली ती राजवट संपली, परवानगी मिळाली आणि १९५२ साली ही मंडळी डोंगर चढून चालत पोखऱ्याला पोचली. त्यांनी पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत इस्पितळ थाटलं. उन्हात पत्रा चमकायचा, म्हणून त्याचं नावच पडलं ‘शायनिंग हॉस्पिटल’.

आता कुष्ठरोगाचं इस्पितळ आणि भूकंप यांचा संबंध काय? फार जवळचा आहे. कुष्ठरोगात नसा मरतात, हातापायांची संवेदना जाते. पायात काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते, बोटं झडतात. म्हणजे ज्या अवयवाला दुखतच नाही तो जपायचा कसा, हे शिकवण्यात त्या इस्पितळाची कित्येक दशकं गेली. व्यायाम शिकवणारे, कृत्रिम पाय आणि खास पादत्राणं बनवणारे, रोग्याला पुन्हा कामाला लावणारे लोक तिथे तयार होते. मज्जारज्जू तुटलेल्या माणसाला नेमकं हेच लागतं! त्यामुळे २०१५ साली मणका मोडलेले भूकंपग्रस्त तिथे येऊ लागले, तेव्हा हे ज्ञान कुठून आयात करावं लागलं नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं, आरशात बघून स्वतःची कातडी तपासणं, नळीनं लघवी काढणं, चाकाच्या खुर्चीत स्वतः चढणं-उतरणं, हे एकेका माणसाला महिनोन् महिने शिकवावं लागतं. मग त्याच्या घरी जाऊन बघायचं की दार पुरेसं रुंद आहे का, संडास कुठे आहे, डोंगरातल्या वाटेवर खुर्ची चालणार कशी. यात टीव्हीवर दाखवण्यासारखं काही नाही.

माझं म्हणणं एवढंच, की संकटाच्या दिवशी जो कामाला येतो तो बहुधा संकटाच्या आधी तीस-चाळीस वर्षं तिथे मुक्कामाला असतो. लहान संस्थेची ताकद तिच्या पैशात नसते, मुक्कामात असते. तिला गावाची वाट, बोली आणि जातीपातीचे ताणे-बाणे माहीत असतात. बाहेरून आलेली मोठी संस्था पहिल्या पंधरवड्यात हेलिकॉप्टर आणू शकते, ते लहान संस्थेला जमणार नाही. पण तीन वर्षांनी त्याच माणसाची जखम तपासायला कोण येतं?

आता तो दुसरा प्रश्न. गोव्यात बसून हा लेख वाचणाऱ्याच्या मनात तो आधीच आला असेल. मिशनरी म्हटलं की आपल्याला बाटाबाटी आठवते. आठवणारच! १५६० ते १८१२ अशी अडीचशे वर्षं ज्या भूमीनं इन्क्विझिशन सोसलं, देवळं पाडलेली पाहिली, जिथले देव रातोरात नदीपलीकडे न्यावे लागले, तिथल्या माणसाला ‘सेवा’ या शब्दामागे काय दडलंय हे विचारायचा पुरेपूर हक्क आहे. नेपाळी माणसानंही ते विचारलं. भूकंपानंतर मदतीबरोबर बायबलं पाठवण्याची भाषा काही परदेशी गटांनी केली, तेव्हा ट्विटरवर त्यांना ‘आत्म्यांवर टपलेली गिधाडं’ म्हटलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या नेपाळच्या संविधानानं दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली, आणि २०१८पासून अमलात आलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे.

भुकेल्या माणसाच्या हातावर भात ठेवताना त्याच्यापुढे धर्माचा कागद सरकवणं हे मला पाप वाटतं. तो कागद कुठल्याही धर्माचा असो. पण या पापाच्या भीतीनं प्रत्येक मिशनला एकाच काठीनं हाकणं हाही अन्यायच आहे.

मराठी माणसाला हा वाद नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून १८९३ साली पुण्यात केवढं रण माजलं! मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात असा आरोप झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे १८९६-९७ आणि १९००च्या दुष्काळांत त्याच रमाबाईंनी शेकडो निराधार मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती सदनात आणलं. तिथे धर्मांतरं झाली, हे खरं. आणि त्या आल्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी जणी रस्त्याच्या कडेला मेल्या असत्या, हेही खरं. ही दोन्ही सत्यं एकाच वेळी हातात धरायची, तर हात भाजतात. म्हणून आपण सोयीचं एक उचलतो आणि दुसरं खाली टाकतो.

मग पारख कशी करायची? माझ्यापुरत्या मी चार कसोट्या ठरवल्या आहेत. एक, ही मंडळी संकटाच्या आधी तिथे होती का, की संकट बघून आली? दोन, मदतीच्या यादीत नाव घालताना धर्म विचारतात का? तीन, तिथलीच माणसं शिकवून पुढे करतात का? चार, उभारलेलं शेवटी कुणाच्या हाती जातं? ही चौथी कसोटी सगळ्यात कडक. नेपाळातल्याच दुसऱ्या मिशनचं उदाहरण घ्या. युनायटेड मिशन टू नेपाल ही संस्था स्थापन झाली ती आपल्या नागपुरात, १९५४च्या मार्च महिन्यात! तिनं काठमांडूच्या खोऱ्यात एका जुन्या राणामहालात शांताभवन हे इस्पितळ चालवलं, त्यातून १९८२ साली पाटण इस्पितळ झालं, आणि आज ते पाटण आरोग्य विज्ञान प्रतिष्ठान या नेपाळी संस्थेचं आहे. आपल्या मडगावचं होस्पिसियो एका पाद्रीनं सुरू केलं आणि पुढे ते सरकारी झालं, तसंच हे. तिथे बाळंत झालेल्या हिंदू बायका काही कमी नसतील!

या कसोट्या फक्त ख्रिस्ती मिशनांना लावायच्या असंही नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसं गेली, तेव्हा तिथे सगळ्या धर्मांच्या, पंथांच्या, पक्षांच्या संस्था धावल्या होत्या. त्यांनाही हेच विचारायला हवं. आपण ज्या मठाला, ट्रस्टला, फाउंडेशनला चेक पाठवतो, त्यालाही. पहिल्या आठवड्यात कुठलाही झेंडा उठून दिसतो.

पुढचा भूकंप कुठे तरी होणारच; हिमालयाचं पोट अजून शांत झालेलं नाही. तेव्हा खिशात हात घालाल, जरूर घाला. पण निम्मेच पैसे त्या दिवशी द्या. उरलेले निम्मे वर्षभर बाजूला ठेवा, आणि वर्षानं चौकशी करा की अजून तिथे कोण आहे. जो असेल त्याला ते द्या. तो पाद्री असेल, संन्यासी असेल, नाहीतर कुठलाच देव न मानणारा एखादा डॉक्टर असेल. कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाला रात्री दोन वाजता कुशीवर वळवणारे हात कुणाचे, याची पंचाईत त्या माणसाला नसते. आपण ती करावी. पण ते हात तिथे आहेत याची खात्री आधी करून घ्यावी.