नोंदवही आपल्या स्वाधीन हवी

हौशी रेडिओ हा छंद खरा, परंतु तो शिस्तीचा छंद आहे. केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविल्यावाचून कोणासही प्रक्षेपण करता येत नाही. आणि परवाना हाती आल्यावर प्रत्येक संपर्काची नोंद ठेवणे हे पहिले कर्तव्य ठरते. तारीख, वेळ, समोरच्या केंद्राची कॉल साइन, कंपनसंख्या आणि आवाज कसा ऐकू आला, एवढे त्या नोंदीत यावे लागते.

लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली विनामूल्य मिळते व जुन्या संगणकावरही चालते. म्हणून शनवाऱ्यातील बेताच्या मिळकतीच्या घरालाही ती परवडते. प्रश्न उरतो तो तिच्यावरील नोंदवहीचा. सीक्यूआरलॉग सामर्थ्यवान आहे, पण त्याच्यामागे मारियाडीबीसारखी माहितीकोशाची स्वतंत्र यंत्रणा लागते. केलॉग सर्व नोंदी एकाच फाइलीत ठेवतो. एक्सलॉग तर अगदी साधा आहे.

यांतून निवड करताना बहुतेक जण सोयींची यादी पाहतात. माझ्या मते पहिला प्रश्न निराळाच असावा: माझ्या नोंदी येथून बाहेर कशा निघतील? सॉफ्टवेअर आज आहे, उद्या नसेल. नोंदी मात्र जन्मभराच्या असतात. यासाठीच १९९६ साली एडीआयएफ हा सामाईक नमुना निघाला. ती साध्या अक्षरांची फाइल असल्याने कोणत्याही संगणकावर वाचता येते.

दुसरी कसोटी वेळेची. शनवाऱ्यात १ जानेवारीच्या पहाटे ४ वाजता झालेला संपर्क जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे ३१ डिसेंबरच्या रात्री २२.३० वाजता पडतो. नोंदवहीने हा फरक सांभाळला नाही, तर दोन्हीकडील नोंदी जुळत नाहीत.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचे हौशी रेडिओ पथक पोर्ट ब्लेअर येथे होते. २६ डिसेंबरला त्सुनामीने दळणवळण मोडून पडले, तेव्हा या मंडळींनी बेटांवरील लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोचविले. अशा प्रसंगी कोणाचा निरोप, कोणासाठी, किती वाजता गेला, हे नोंदच सांगू शकते.

वीज गेली की संगणक मुका होतो, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून कागद व पेन्सिल जवळ असावीच. परंतु हजार नोंदींतून एक कॉल साइन क्षणात शोधणे वहीला साधत नाही.

नवशिक्या विद्यार्थ्याने केलॉगपासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. मात्र माझ्या शब्दावर विसंबू नये. प्रथम दहा नोंदी लिहाव्यात, त्या एडीआयएफ फाइलीत उतरवाव्यात व दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहाव्यात. दहाही नोंदी बिनचूक दिसल्या, तरच अकरावी लिहावी.