यंत्राने किती मदत करावी?

खुर्चीवर बसा. टाच जमिनीला टेकलेली ठेवून पायाचा चवडा वर उचला. आता नडगीच्या बाहेरच्या अंगाला बोटे ठेवून पुन्हा तसेच करा. तेथे एक स्नायू टणक झालेला जाणवेल. चालताना पाऊल पुढे टाकतेवेळी हाच स्नायू चवडा उचलून धरतो. म्हणून बोटे जमिनीला घासत नाहीत.

मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली म्हणजे पक्षाघात होतो. अशा वेळी पायाचा स्नायू शाबूत असतो, पण त्याला हुकूम देणाऱ्या मेंदूतील पेशी मेलेल्या असतात. चवडा लोंबतो, उंबरठ्याला अडखळतो आणि माणूस पडतो. सुदैवाने शिल्लक पेशी नव्या जोडण्या करून गेलेले काम काही अंशी पुन्हा शिकू शकतात. मात्र त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. उपचार करणाऱ्याचे हात थकतात, यंत्र थकत नाही. म्हणून घोट्यासाठी यंत्रमानव तयार झाले.

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात 1990 नंतरच्या दशकात असे एक यंत्र बनले. हवेच्या दाबावर हलणाऱ्या फळीवर रुग्ण पाऊल ठेवतो आणि घोटा वळवून संगणकाच्या पडद्यावरील विमान चालवतो! मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील यंत्र गुडघ्याखाली बांधायचे असते. त्याचे वजन सुमारे 3.6 किलोग्रॅम असून दोन मोटारी घोट्याला मदत करतात.

अशा यंत्राची मोटार जितकी जोरकस तितके ते चांगले, असे कोणालाही वाटेल. मला हे पटत नाही. लहानपणी गुरुजींनी हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतले, ते आठवा. हात कायम गुरुजींच्याच मुठीत राहिला असता, तर पाटीवर अक्षर सुरेख उमटले असते. पण ते गुरुजींचे. मुलाला लिहिता आलेच नसते. घोट्याचेही तसेच आहे. मोटारीने पाऊल उचलले आणि रुग्णाने स्वतः प्रयत्नच केला नाही, तर पाऊल हलेल, पण मेंदू फारसे शिकणार नाही.

याला प्रयोगाचा आधार आहे. 2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हळूहळू का होईना पण चालू शकणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाचे पाय यंत्र ठरावीक वाटेने हलवी. दुसऱ्या गटाला तज्ज्ञ गरजेपुरताच हात देत. चालण्याच्या वेगात दुसरा गट सरस ठरला.

मग यंत्र नकोच का? तसे नाही. ज्याला चवडा मुळीच उचलता येत नाही, त्याला सुरुवातीला आधार हवाच. शिवाय घोटा किती अंश वळला, किती जोर लागला, हे यंत्र अचूक मोजते. डोळ्यांना ते जमत नाही. प्रश्न मदतीच्या मात्रेचा आहे. आधी रुग्णाला प्रयत्न करू द्यावा, तो कमी पडेल तेवढीच भर घालावी आणि दर आठवड्याला ती भरही कमी करत जावी, असे यंत्र मला योग्य वाटते. मॅसॅच्युसेट्सचे यंत्र याच विचाराने बनवले आहे. रुग्णाने पाऊल हलवले, तर ते त्याला अडवत नाही.

रुग्णालयाने असे यंत्र घेताना ‘ते किती काम करते?’ एवढेच विचारू नये. ‘महिन्याभराने ते किती कमी काम करते?’ हेही विचारावे. शिक्षकांनाही हा प्रश्न स्वतःला विचारण्यास हरकत नाही.