आधी कागद, मग लोखंड

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्राविषयी लिहावे, हे पाहून काहींच्या भुवया उंचावतील. खतावणी आणि ताळेबंद सोडून हिला ही उठाठेव कुणी सांगितली, असेही कुणी म्हणेल. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले त्यातून माझे एक मत बनले आहे. घरी बांधलेले यंत्र फसते ते बहुधा कागदावरच फसते. लोखंड बिचारे उगाच बदनाम होते.

माझे काका सुतार. देव्हारे करणे हा आमचा पिढीजात धंदा. हल्ली देव्हाऱ्याच्या दाराची जाळी यंत्रावर कापलेली हवी, असे गिऱ्हाईक सांगते आणि काम दुसरीकडे जाते. हे सी.एन.सी. राउटर यंत्र म्हणजे वेगाने फिरणारे एक पाते आणि संगणकाच्या हुकुमाने त्याला डावी-उजवीकडे, पुढे-मागे व खाली-वर नेणारे तीन अक्ष. असे यंत्र आपणच बांधायचे, असे चुलत भावाच्या मनाने घेतले. आईने भिशीचे १८,००० रुपये दिले. आम्ही दुसऱ्याच दिवशी मोटारी आणि स्क्रू मागवले. आधी कळस मग पाया, असा तो प्रकार!

मोटारी आल्या, मग त्यांना साजेशी चौकट शोधणे आले. मोठी असलेली बरी म्हणून १,२०० मिलिमीटर रुंदीची केली. पहिली जाळी कापली तेव्हा वर्तुळाचे अंडे झाले आणि कडा लाटांसारख्या निघाल्या. आम्ही दोघे संगणकातला दोष शोधत बसलो. काकांनी लांबूनच विचारले, "काय गं, कोनाकोनी सुतळी धरून बघितलीस काय?" सुतळी धरली. दोन कर्णांत सहा मिलिमीटरचा फरक! चौकट काटकोनात नव्हती, मग वर्तुळ गोल कसे येणार? दाराची चौकट बसवताना काका जे रोज करतात, ते आम्हाला सुचले नव्हते.

इथे थोडा इतिहास सांगते. अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अचूक आकार हवे होते. त्यांच्या कल्पनेतून सुरू झालेल्या कामाचे फळ म्हणून १९५२ साली एम.आय.टी. या संस्थेत आकड्यांच्या हुकुमाने चालणारे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले. त्याला हुकूम मिळत ते भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून, आणि नियंत्रणाचे कपाट यंत्रापेक्षाही मोठे होते. आज तेच काम तळहातावर मावणारे एक पान करते. त्यासाठी लागणारी 'जी.आर.बी.एल.' ही आज्ञावली २००९ पासून कुणालाही मोफत मिळते. म्हणजे यंत्राचा मेंदू स्वस्त झाला. हाडे मात्र स्वस्त झालेली नाहीत आणि तीच आपण शेवटी मोजतो.

हाडांचा नियम कडक आहे. आडवी तुळई तीच ठेवून तिची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच भाराखाली ती मध्यभागी आठपट वाकते. आम्हाला हवी होती ४५० बाय ६०० मिलिमीटरची सागवानी जाळी. तिला १,२०० ची रुंदी कशाला? ६०० ची तुळई घेतली असती, तर वाकणे एक अष्टमांशावर आले असते. 'मोठे असलेले बरे' या एका वाक्याने आमचे पैसे खाल्ले.

मोटारींच्या आकड्यांनी आम्हाला असेच भुलवले होते. मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकते; प्रत्येक पावलाचे आठ भाग केले की १,६०० होतात. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एका मिलिमीटरला ३२० पावले! केवढी ही अचूकता, असे वाटले. पण ही कागदावरची अचूकता. रोकडवही पैशापर्यंत लिहिली म्हणून गल्ल्याचे भोक बुजत नाही, तसे चौकट लवचीक असेल तर ३२० पावले कुणाला दाखवायची?

म्हणून माझे म्हणणे असे, की तीन कागद पुरे झाल्याशिवाय एक बोल्टसुद्धा विकत घेऊ नये. पहिल्या कागदावर काय कापायचे, केवढे आणि किती अचूक, हे लिहावे. दुसऱ्यावर मापांसह चित्र. तिसऱ्यावर हिशेब, आणि तो लिहिताना वाणिज्य शाखेने मान खाली घालण्याचे कारण नाही. आमच्या पहिल्या यादीत केबल, पाती, अर्थिंग, आणीबाणीचे बटण, भुसा ओढण्याची सोय, लेथवाल्याची मजुरी आणि टेम्पोभाडे यांपैकी काहीच नव्हते. घसारा तर कुणाच्या स्वप्नातही नव्हता. समजा, यंत्राला ७२,००० रुपये लागले आणि ते ५ वर्षे, वर्षाला ६०० तास चालले, तर तासाला २४ रुपये नुसता घसारा होतो. वीज, पाती आणि मजुरी त्यानंतर. हा आकडा माहीत नसेल तर जाळीचा दर सांगायचा कसा?

चित्राचा आणखी एक उपयोग मला उद्यमबागेत कळला. चौकट जोडून देणारे अण्णा कानडी बोलतात, काका मराठी, आणि सुट्या भागांची माहितीपत्रके इंग्रजी. मी दोन्हीकडे दुभाषी. पण अण्णांनी माझे बोलणे मध्येच थांबवून विचारले, "ड्रॉइंग एल्लैती?" चित्र कुठे आहे? दुसऱ्या खेपेला चित्र नेले, तेव्हा मला तोंड उघडावे लागले नाही. काका आणि अण्णा एकाच कागदावर बोट ठेवून अर्धा तास वाद घालत होते, आणि दोघांना एकमेकांचे सगळे समजत होते.

कुणी म्हणेल, करून पाहिल्याशिवाय शिकता येत नाही. नुसते आराखडे काढत बसणारा आयुष्यभर आराखडेच काढतो. हे खरे आहे, म्हणून कागदालाही तारीख घालावी. आम्ही दोन महिने घातले होते. दुसरे कुणी म्हणेल, तयार यंत्र मिळत असता ही हौस कशाला? ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने ते जरूर घ्यावे. पण ज्या बेळगावात ओतकाम, लेथ आणि वेल्डिंग हाकेच्या अंतरावर आहे, तिथल्या मुलांनी यंत्राच्या हाडांविषयी अडाणी राहावे, हे मला पटत नाही.

यंत्र अजून उभे राहिलेले नाही. जुनी चौकट भंगारात गेली; मोटारी आणि स्क्रू मात्र नव्या मापात बसवता आले. अण्णांकडे नवी चौकट जोडली जात आहे. आईचे पैसे परत येतील की नाही, हे आज सांगता येणार नाही. पण भिशीची रक्कम आता वहीत तिच्या नावावर जमा दाखवली आहे, आणि किती जाळ्या विकल्यावर ती फिटेल तेही पुढे लिहिले आहे. कानडीत म्हण आहे, 'कै केसरादरे बायि मोसरु'. हात चिखलात घातला तर तोंडी दही लागते. मला तिला एवढेच जोडायचे आहे, की चिखलात हात घालण्यापूर्वी सुतळी धरावी.