विजयदुर्गाचा हेलियम: तीस वर्षांची चूक

१/ दरवर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की एक अभिमानाचा संदेश फिरू लागतो: १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला. किल्ल्यावरचे ‘साहेबा’चे चौथरे पुरावा म्हणून दाखवले जातात. चौथरे खरे आहेत. सांगितली जाणारी कथा खरी नाही.

२/ सूर्याच्या कडेवर तप्त वायूच्या प्रचंड ज्वाळा उसळतात. त्यांना तेजःशृंगे म्हणतात. एरवी सूर्यबिंबाच्या झगझगाटात ती लोपतात. चंद्राने बिंब झाकले तरच, तेही काही मिनिटे, त्यांचे दर्शन घडे.

३/ १८६८ च्या त्या ग्रहणाची छाया दख्खनवरून गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन. तेजःशृंगांच्या वर्णपटात दोघांना तेजस्वी रेषा दिसल्या. जान्सेन यांना वाटले, इतक्या ठळक रेषा ग्रहणाविनाही दिसाव्यात. दुसऱ्याच दिवशी, लख्ख उन्हात, त्या दिसल्या.

४/ युक्ती अशी: वर्णपटदर्शकाची अरुंद फट सूर्याच्या कडेलगत धरायची. आकाशाचा झगझगाट सर्व रंगांत पसरून फिका पडतो. ज्वाळेचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांतच एकवटलेला असल्याने उठून दिसतो. चंद्राचे काम फटीने केले.

५/ लॉकियर यांनी हेच स्वतंत्रपणे साधले २० ऑक्टोबर १८६८ रोजी, इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना. त्यांनी नोंदवलेली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना. तिच्यातूनच पुढे ‘हेलियम’ हे नाव आले.

६/ मग विजयदुर्ग? लॉकियर तेथे आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. रॅम्से यांना पृथ्वीवर हेलियम सापडून तेव्हा जवळपास तीन वर्षे झाली होती.

७/ त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला निरीक्षणास सज्ज होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवलेल्या या पारशी खगोलज्ञाचा जेऊरवरील अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. अभिमानाच्या संदेशांत त्यांचे नाव नसते.

८/ कोणी म्हणेल, कथेमुळे मुले किल्ल्यावर येतात, विज्ञानाची गोडी लागते, बिघडले काय? बिघडते ते असे की शोध म्हणजे स्थळाचे भाग्य, असे मुलांच्या मनावर ठसते. वस्तुतः या शोधाचे मर्मच हे, की ग्रहणाची आणि स्थळाची गरज उरली नाही. शिवाय, उसन्या मानापायी जेऊर आणि जमखंडी हे आपले खरे धागे विसरले जातात.

९/ विजयदुर्गावरचा सोहळा बंद करण्याचे कारण नाही. तेथे १८९८ हे साल सांगावे, नायगमवालांचे नाव घ्यावे आणि मुलांच्या हाती वर्णपटदर्शक द्यावा. किल्ल्याचे मोल त्याने तसूभरही घटणार नाही.